मीटर ओरडतोय, पण कशावर?

पत्र : आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला सात मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो. समोरच्या तेवढ्याच उंच इमारतीच्या गच्चीवर दिवाळीनंतर मोबाइलचा टॉवर उभा राहिला. मध्ये फक्त रस्ता, अंतर पस्तीसेक मीटर असेल. लेकीची खोली त्याच बाजूला आहे. मी ऑनलाइन एक रेडिएशन मीटर मागवला. तिच्या पलंगाच्या उशाशी तो ४६ दाखवतो, लाल दिवा लागतो आणि बीप वाजायला लागतं. खिडकीत मात्र १२-१३ असतं. सासूबाईंचं डोकं हल्ली सारखं दुखतं. एक जण खिडक्यांना फिल्म लावून देतो म्हणतोय, खर्च साठ हजारांच्या वर. नवरा म्हणतो, मीटर फेकून दे. सोसायटीत टॉवर हटवण्यासाठी सह्या गोळा करताहेत. सही करू का? घरच विकावं का? आणि गच्चीवर वाळवणं घालायला जावं की नाही?
— लेकीची आई, पुणे

उत्तर : ताई, मीटर फेकू नका. त्याने एक खरी गोष्ट सांगितली आहे, फक्त ती टॉवरबद्दलची नाही.

तुमचेच दोन आकडे शेजारी ठेवून बघा. खिडकीत १२-१३ आणि उशाशी ४६. टॉवर खिडकीबाहेर आहे. त्याच्याकडून येणारी लहर खिडकीत क्षीण आणि आत भिंतीजवळ तिप्पट-चौपट, असं सहसा होत नाही. भिंतींवरून परावर्तन होऊन खोलीत थोडं खालीवर होतं हे खरं, पण दर वेळी उशाशीच जास्त, असा नियम त्यातून तयार होत नाही. माझा अंदाज सांगते : उशामागच्या भिंतीत इलेक्ट्रिकचा बोर्ड असणार, नाहीतर दोन पिनांचा अभ्यासाचा दिवा किंवा फोनचा चार्जर तिथे लावलेला असणार.

दीड-दोन हजारांत मिळणारे बरेचसे मीटर एकाच पडद्यावर दोन आकडे दाखवतात. एक विद्युत क्षेत्राचा, व्होल्ट प्रति मीटरमध्ये, आणि दुसरा चुंबकीय क्षेत्राचा, मायक्रोटेस्लात. खोक्यावर मोबाइल टॉवरचं चित्र असतं आणि आतल्या कागदावर '५ हर्ट्झपासून ३५०० मेगाहर्ट्झपर्यंत' असलं काहीतरी छापलेलं असतं. प्रत्यक्षात व्होल्ट प्रति मीटरचा तो आकडा मुख्यतः घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेचा असतो, म्हणजे भिंतीतल्या वायरिंगचा. टॉवरच्या लहरी ७०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या, म्हणजे कोटीपटींनी वेगळ्या वारंवारितेच्या. हा मीटर त्या दोन्ही एकाच आकड्यात कालवतो, आणि ४० च्या वर गेलं की लाल दिवा लावतो. ४० हा उंबरठा बनवणाऱ्याने ठरवलेला आहे. ५० हर्ट्झच्या विद्युत क्षेत्रासाठी सामान्य माणसांना लागू असलेली आंतरराष्ट्रीय मर्यादा ५००० व्होल्ट प्रति मीटर आहे. तुमचे ४६ वायरिंगचे असतील, तर ते तिच्या शंभराव्या भागाच्याही आत आले.

हे माझ्या शब्दावर मानू नका, घरीच करून बघा. मीटर उशाशी एखाद्या लाकडी स्टुलावर ठेवा. हातात धरला तर माणसाचं अंगच आकडा बदलवतं, म्हणून हात लावू नका. मग घराचा मेन स्विच बंद करा. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. हे लोक हमखास विसरतात, आणि मग 'लाइट नसतानाही वाजतो' म्हणून आणखी घाबरतात. सगळं बंद केल्यावर टॉवर तसाच चालू असतो, त्याला तुमच्या मेन स्विचचं काही घेणंदेणं नाही. आकडा ४६ वरून दोन-चारवर आला, तर मीटर इतके दिवस तुमच्या भिंतीवरच ओरडत होता. तसं निघालं तर एकदा इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. ते रेडिएशनसाठी नव्हे, शॉक बसू नये म्हणून. आणि चार्जरची वायर लेकीच्या उशाखालून काढा. तीही आगीच्या भीतीने.

मेन स्विच बंद करूनही आकडा हलला नाही, तर मला पुन्हा लिहा. मग गोष्ट वेगळी.

तरी ४६ हा आकडा टॉवरचाच आहे असं घटकाभर धरू आणि हिशेब करू. व्होल्ट प्रति मीटरचा वर्ग करून त्याला ३७७ ने भागलं की लहरीच्या शक्तीची घनता वॅट प्रति चौरस मीटरमध्ये मिळते. ४६ चा वर्ग २११६, भागिले ३७७, म्हणजे सुमारे ५.६. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू केली. तिच्यानुसार ९०० मेगाहर्ट्झला ०.४५, १८०० ला ०.९ आणि २००० च्या वर १ वॅट प्रति चौरस मीटर. (पुढेही मी हेच आकडे वापरतेय. सरकारी मोजणीच्या अहवालावर त्या दिवशी लागू असलेली मर्यादा छापलेली असते, तुलना तिच्याशीच करा.) म्हणजे ५.६ हे सगळ्यात सैल मर्यादेच्याही साडेपाचपट झालं. ३५ मीटरवरून एवढं यायचं, तर समोरच्या टॉवरने तुमच्या लेकीच्या पलंगावर नेम धरून सुमारे ८५ हजार वॅटच्या ताकदीचा झोत सतत सोडायला हवा. ४जीच्या एका बँडला, म्हणजे वारंवारितांच्या एका पट्ट्याला, साधारण ४० वॅट दिले आणि अँटेनाने ते एका दिशेला पन्नासपट एकवटले, तर झोताच्या दिशेने २००० वॅटची ताकद होते. असे चाळीसहून जास्त बँड एका खिडकीवर रोखायचे, तेही भिंतीतून. त्या गच्चीवर तेवढी जागा नाही.

पण याचा अर्थ टॉवरची काळजी करणं हाच मूर्खपणा, असं मी म्हणणार नाही. तुमच्या यजमानांचं आणि माझं इथे पटत नाही. हाच हिशेब उलटा करा. २००० वॅटचा झोत, ३५ मीटर, बरोबर समोर, मध्ये काही नाही : दर बँडला ०.१३ वॅट प्रति चौरस मीटर. त्या गच्चीवर एका कंपनीचे दोन-तीन बँड आणि दुसऱ्या कंपनीचे दोन असले आणि सगळ्यांवर एकाच वेळी पूर्ण भार असला, तर बेरीज अर्ध्या वॅटच्या पुढे जाते. म्हणजे मर्यादेच्या जवळपास. ५जीचा झोत त्यात वेगळा. तो ज्या फोनला डेटा हवा त्याच्याकडे वळतो, क्षणभर खूप मोठा असतो आणि पुढच्या क्षणी दुसरीकडे गेलेला असतो, म्हणून त्याची सरासरीच पाहावी लागते. हे सगळं कागदावरचं, पण हसण्यावारी नेण्यासारखं नाही. दूरसंचार विभागाने २०१३ मध्ये राज्य सरकारांसाठी काढलेल्या सूचनांत अँटेनाच्या समोर, त्याच उंचीवर इमारत किती दूर असावी याचं कोष्टक आहे : एक अँटेना असेल तर २० मीटर, दोन असतील तर ३५, चार असतील तर ४५. तुमचं अंतर ३५ आहे.

आता त्यातले 'समोर' आणि 'त्याच उंचीवर' हे शब्द नीट बघा, कारण तुमचा प्रश्न तिथेच सुटतो. टॉवरवरच्या लांबट पट्टीसारख्या अँटेनाचा झोत आडवा पसरट असतो, पण उभा फार अरुंद : सहा-आठ अंश, थोडासा खाली झुकवलेला. सातव्या मजल्यावरच्या गच्चीतला खांब धरला तर तुमची खिडकी त्याच्या १४-१५ मीटर खाली आहे. ३५ मीटर अंतरावर याचा कोन २२ अंशांच्या आसपास येतो. तुम्ही झोताच्या बऱ्याच खाली आहात. तिथे मुख्य झोताच्या तिसाव्यापासून शंभराव्यापर्यंत हिस्सा पोचतो, आणि भिंत त्यातलाही काही भाग खाते. टॉवरच्या बुडाशी राहणारे सगळ्यात जास्त घाबरतात आणि त्यांनाच सगळ्यात कमी मिळतं, हे मोजणीला गेलं की पुन्हा पुन्हा दिसतं.

मग जास्त कोणाला? तुमच्याच इमारतीत सातव्या मजल्यावर राहणाऱ्यांना. त्यांची खिडकी अँटेनापासून पाच-सहा मीटरच खाली, म्हणजे झोताच्या काठावर. आणि तुमच्या गच्चीवर जाणाऱ्याला. समोरच्या गच्चीवर तर अँटेनाच्या पुढ्यात दोन-तीन हातांवर पाण्याची टाकी धुणारा माणूस किंवा रंगारी उभा राहतो, त्याचं नाव कोणाच्याच सह्यांच्या कागदावर नसतं. खरा धोका मोजायचा तर सुरुवात त्याच्यापासून व्हायला हवी. तिथे सूचनाफलक आणि कुंपण आहे का, हे समोरच्या सोसायटीला विचारण्याचा हक्क तुम्हाला शेजारी म्हणून नक्की आहे.

खरी मोजणी मिळवण्याचा रस्ता सोपा आहे आणि फिल्मवाल्यापेक्षा कितीतरी स्वस्त. दूरसंचार विभागाचं 'तरंग संचार' नावाचं संकेतस्थळ २०१७ पासून चालू आहे. त्यावर नकाशात आपला भाग शोधला की आजूबाजूचे टॉवर दिसतात आणि ते नियमात आहेत की नाही, ते कळतं. तिथेच ४००० रुपये भरून आपल्याला हव्या त्या जागी मोजणी मागता येते. विभागाच्या स्थानिक शाखेचे लोक येऊन मोजतात, आणि अर्ज करणाऱ्याला त्या वेळी हजर राहता येतं. पुणे 'महाराष्ट्र' परवाना क्षेत्रात येतं, गोवाही त्यातच. मुंबईचं क्षेत्र वेगळं आहे. नियम मोडलेला आढळला, तर कंपनीला दंडाची तरतूद आहे, म्हणून कंपन्या हा अहवाल हलक्यात घेत नाहीत.

अर्जात नुसता 'आमचं घर' असं मोघम लिहू नका. लेकीची खोली, तिची खिडकी आणि इमारतीची गच्ची असं लिहा. गच्चीसाठी वेगळा अर्ज आणि वेगळी फी लागली, तर ती सोसायटीने भरावी, सह्यांचा कागद घेऊन फिरणाऱ्यांनी आधी एवढं करावं.

लोक येतील तेव्हा त्यांच्या हातात खांबाच्या टोकाला गोळा लावलेलं उपकरण असेल. तो प्रोब. त्यात तीन दिशांना तीन छोटे ग्राहक असतात, म्हणून लहर कुठूनही आली तरी ती मोजली जाते. तुमच्या मीटरला एकच दिशा कळते. तो थोडा फिरवला की आकडा बदलतो तो त्यामुळेच. प्रोबवर कॅलिब्रेशनची, म्हणजे तो बरोबर मोजतो ना हे तपासून घेतल्याची, तारीख असते, ती पाहायला मागा. रागावणार नाहीत, चांगल्या माणसाला हा प्रश्न आवडतो. त्याची कक्षा ३५०० मेगाहर्ट्झच्या पुढे जाते का, तेही विचारा, कारण ५जीचा मुख्य बँड ३३०० च्या पुढे आहे आणि जुना प्रोब ३००० ला थांबत असेल तर तो अर्धंच बघतो. आकडा क्षणाचा धरत नाहीत, सहा मिनिटांची सरासरी धरतात, कारण मर्यादा अंगाला किती उष्णता मिळते यावर आधारलेली आहे आणि शरीर तापायला वेळ लागतो. एकाच उंचीवर न मोजता १.१, १.५ आणि १.७ मीटर अशा तीन उंचींवर मोजून सरासरी काढण्याचीही पद्धत आहे. लेकीची उंची १.१ च्या जवळपास असेल तर त्या उंचीचा आकडा वेगळा लिहून घ्या.

सगळ्या वारंवारितांचा मिळून एक आकडा बऱ्यापैकी मोठा आला, तर दुसऱ्या उपकरणाने तो फोडून बघावा लागतो : ९०० चं किती, १८०० चं किती, ३५०० चं किती. प्रत्येकाची मर्यादा वेगळी असल्याने प्रत्येक हिश्श्याला त्याच्या मर्यादेने भागतात आणि मग बेरीज करतात. ती बेरीज १ च्या आत हवी. अहवालात ही बेरीज शोधा, बाकीच्या पानांवर फारसा जीव काढू नका. मोजताना टॉवरवर भार कमी असेल, तर पूर्ण भाराला किती झालं असतं हे चांगल्या पद्धतीत हिशेबाने काढतात. तेही केलं का, एवढं विचारा.

आणि त्या दिवशी घरातले सगळे फोन फ्लाइट मोडवर, राउटर बंद. नाहीतर तुमच्याच खिशातला फोन मोजला जाईल. हे गमतीने म्हणत नाही. लेकीच्या डोक्याशी सगळ्यात मोठा उगम बहुतेक वेळा टॉवरचा नसतोच, कानाला लावलेल्या फोनचा असतो. ४जी फोन जास्तीत जास्त ०.२ वॅट सोडतो, टॉवरपुढे चिल्लर, पण तो एका सेंटिमीटरवर असतो आणि टॉवर पस्तीस मीटरवर. त्यातही सिग्नल चांगला असेल तेव्हा फोन हळू बोलतो, वाईट असेल तेव्हा पूर्ण जोर लावतो. फिल्मवाल्याला मी नको म्हणते ते यासाठी. खिडकीला धातूचा थर लावला की बाहेरचा सिग्नल आत कमी येतो आणि आतला प्रत्येक फोन जोर वाढवतो. शिवाय तो तुम्हाला 'आधी-नंतर' दाखवेल ते तुमच्यासारख्याच मीटरवर. साठ हजार देऊन घरातला उगम वाढवून घेण्यात अर्थ नाही. फोनच्या पाठीला चिकटवायच्या 'अँटी रेडिएशन' चिप विकतात, त्यांच्याबद्दल लिहायला शाई घालवत नाही.

त्या फिल्मवाल्याकडे आणखी एक मीटर असू शकतो, लाखांत आकडे दाखवणारा. तो मायक्रोवॅट प्रति चौरस मीटरमध्ये मोजतो. १ वॅट म्हणजे १० लाख मायक्रोवॅट, म्हणून मर्यादेच्या पाव भागातही पडद्यावर अडीच लाख दिसतात आणि बघणाऱ्याचा घसा कोरडा पडतो. काही मीटरवर तर हजारालाच लाल रंग असतो. ते लाल जर्मनीतल्या एका खासगी मंडळाच्या शिफारशीवरून आलेलं आहे, भारताच्या किंवा आयसीएनआयआरपीच्या मर्यादेवरून नाही. आकड्याआधी एकक विचारा.

सासूबाईंबद्दल. टॉवरच्या अहवालाची वाट न बघता त्यांना याच आठवड्यात डॉक्टरकडे न्या. रक्तदाब, चष्म्याचा नंबर, झोप आणि रोजच्या गोळ्या. लहरींचा उगम चालू आहे की बंद हे न सांगता केलेल्या प्रयोगांत, त्रास होतो म्हणणाऱ्या लोकांनाही तो चालू असल्याचं ओळखता आलेलं नाही. सासूबाईंचं डोकं खरंच दुखतंय, यात शंका नाही, म्हणूनच कारण दुसरीकडे शोधायला हवं. टॉवरवर बोट ठेवून बसल्याने चढलेला रक्तदाब कोणी तपासत नाही, असं होऊ नये. कर्करोगाचं विचारलं नाहीत, पण मनात असेलच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना 'कदाचित कारणीभूत' या गटात टाकलं, ते मुख्यतः कानाला फोन लावण्यावरच्या अभ्यासांवरून. २०२४ मध्ये त्याच संघटनेने करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइल वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. माझ्या लेखी याचा सरळ अर्थ असा की भिण्याचं कारण कमी झालंय, मोजण्याचं नाही.

सही? मी असते तर त्या कागदावर केली नसती, निदान अहवाल हातात येईपर्यंत. आपल्याकडे टॉवरवरच्या भांडणात रेडिएशन पुढे असतं आणि मागे दुसरंच काही. जनरेटरचा आवाज, डिझेलचा वास, स्लॅबवर वाढलेला भार, किंवा समोरच्या सोसायटीला मिळणारं भाडं. आवाज असेल तर आवाजाची तक्रार करा, भाराचा प्रश्न असेल तर इमारतीच्या मजबुतीचा दाखला आणि महापालिकेची परवानगी मागा. त्या तक्रारी टिकतात. 'किरणं येतात' ही तक्रार आकड्याशिवाय टिकत नाही, आणि ४६ घेऊन गेलात तर समोरचा तज्ज्ञ दोन मिनिटांत तुमच्याच भिंतीचा बोर्ड दाखवेल. मग उद्या सातव्या मजल्यावर खरंच काही निघालं, तरी तुमचं कोणी ऐकणार नाही.

घर विकू नका. चौथ्या मजल्यावरून, या कोनात, टॉवरसाठी घर विकण्यासारखं काही नाही. चुकून माझा हिशेब खोटा ठरवणारा अहवाल आलाच, तर अँटेना थोडी वळवणं, झुकाव बदलणं किंवा शक्ती कमी करणं, हे कंपनीला करावं लागेल. ते काम एका दिवसाचं असतं.

वाळवणं घाला. गच्चीवर झोताच्या रेषेतही तास-दोन तास बसणं हिशेबाने मर्यादेच्या आत बसतं, आणि ती मर्यादा चोवीस तास तिथेच राहणाऱ्यासाठी आखलेली आहे. रात्री गच्चीवर झोपायला जाणारं कोणी असेल, तर त्यांनी मोजणी होईपर्यंत टाकीच्या आडोशाला, टॉवरकडे पाठ येईल अशा बाजूला अंथरुण घालावं. आणि मोजणीवाले आले की त्यांना आधी गच्चीवर न्या, चौथ्या मजल्यावर नंतर.